एमसीबी पडते म्हणून मोठी बसवू नका

विदर्भात उन्हाळा लागला की कूलर बाहेर निघतात, आणि कूलरचा करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्याही दरवर्षी येतात. महागाव तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याच्या कामासाठी फिरतो, तेव्हा बीपी मोजता मोजता नजर भिंतीवरच्या बोर्डाकडेही जाते.

नेहमी दिसतं ते असं. कूलर, इस्त्री, पाण्याची मोटर एकाच लाईनवर चालते आणि एमसीबी पडते. मग कोणीतरी सांगतं, "सोळाची काढ, बत्तीसची टाक." जुन्या घरात किटकॅटमध्ये बारीक फ्यूज तारेऐवजी तांब्याच्या चार-पाच तारा पिळून घालतात. लाईट जायची थांबते, घरचे खूश होतात. पण एमसीबी कूलरच्या किंवा मोटरच्या मापाची नसतेच. ती भिंतीतल्या वायरच्या मापाची असते. वायर तापून जळण्याआधी पडणं हे तिचं काम. वायर एकची आणि एमसीबी बत्तीसची असेल, तर आधी वायर जळते.

हिशोब शाळकरी पोरगीही करू शकते. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागा, अँपियर येतात. 200 वॅटचा कूलर एक अँपियरसुद्धा घेत नाही. 1000 वॅटची इस्त्री साडेचारच्या आत. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड साडेसहा, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास नऊ. बोर्डावरचं लहान सॉकेट 6 अँपियरचं असतं, म्हणजे रॉड आणि शेगडी त्यावर चालवायचीच नाही, अडॅप्टर लावूनही नाही. त्यांना 16 अँपियरचं मोठं सॉकेट आणि स्वतंत्र लाईन हवी.

तांब्याच्या वायरचं साधारण माप असं: दिवे-पंख्यांना एक किंवा दीड एमएमची वायर आणि 6 ची एमसीबी, मोठ्या सॉकेटला अडीचची वायर आणि 16 ची एमसीबी. टिनाच्या छताला चिकटून गेलेली वायर मे महिन्यात आधीच तापलेली असते. तिच्यावरचं साधं पीव्हीसी 70 अंशांपर्यंतचंच, त्यामुळे तिथे भार काठोकाठ नको. जयंतीच्या रोषणाईसाठी एखाद्या घराच्या बोर्डावरून गल्लीभर माळा ओढतात, तेव्हाही हाच हिशोब लावा. घरात काहीच सुरू नसताना एमसीबी पडत असेल, तर मात्र वायरिंगमध्ये दोष आहे. परवाना असलेला वायरमन बोलवा.

आता माणसाचं. बरोबर मापाची एमसीबी वायर वाचवते, माणसाला नाही. 16 ची एमसीबी 16 अँपियरच्या आत हलत नाही, आणि त्याचा शंभरावा हिस्सा छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अंग ओलं, पाय अनवाणी, खाली ओली फरशी असेल तर करंटला वाट आणखी सोपी.

म्हणून लोखंडी कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि खरी अर्थिंग हवी. जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालू नका. पण नुसत्या अर्थिंगवरही विसंबू नका. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा रोध 20 ओहम निघाला, तर बॉडीत आलेला करंट साडेअकरा अँपियरच वाहतो. 16 ची एमसीबी तशीच राहते आणि कूलर करंट मारत राहतो. हा गळणारा करंट ओळखते ती आरसीसीबी. घरासाठी 30 मिलिअँपियरची घ्यावी. ती वायरचा भार सांभाळत नाही, त्यामुळे एमसीबीही लागतेच. तिच्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर बदला. आमच्या मते नवा कूलर एक वर्ष लांबला तरी चालेल, आरसीसीबी आधी.

पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असतो. प्लग काढा, मगच हात लावा. हे काम बहुतेक घरात बाया आणि पोरं करतात; त्यांना हे आधी सांगा.

कोणी चिकटलंच, तर त्याला धरू नका. मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं त्याला वेगळं करा. श्वास नसेल तर 108 ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायला लागा: दोन इंच खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. भाजलेल्या जागेवर, करंट तुटल्यावर, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही. जोराचा शॉक बसून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढून घ्या. वरून डाग लहान दिसतो, आत किती भाजलं ते दिसत नाही.