खारून : उसन्या पाण्यावर वाहणारी नदी

छत्तीसगडची नवी राजधानी नवा रायपूर हिची तहान महानदी भागवते. तेथून पश्चिमेस असलेले जुने रायपूर शहर मात्र शंभराहून अधिक वर्षे खारून या लहानशा नदीवर अवलंबून आहे. राज्याच्या नकाशावर ही नदी सहज नजरेतून सुटते.

बालोद जिल्ह्यातील पेटेचुआ येथे उगम पावणारी खारून भातशेतीच्या सपाट प्रदेशातून उत्तरेकडे वाहते. बऱ्याच अंतरापर्यंत रायपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांची सीमा तिनेच आखली आहे. सिमग्याजवळ सोमनाथ येथे ती शिवनाथ नदीला मिळते आणि शिवनाथ पुढे शिवरीनारायणच्या परिसरात महानदीत विलीन होते. येथील मुरमाड माळजमिनीला शेतकरी ‘भाटा’ म्हणतात, तर काळ्या जमिनीला ‘कन्हार’. हिमनद्यांचा आधार नसल्याने नदीचे सारे भवितव्य जून ते सप्टेंबरच्या पावसावर ठरते.

या नदीकाठची वस्ती फार जुनी आहे. दुर्ग जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील तरीघाट येथे २०१२-१३ पासून राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नगराचे अवशेष आढळले. मौल्यवान खड्यांचे मणी आणि नाणी येथे सापडली. त्यांत सातवाहनकालीन नाण्यांचाही समावेश असल्याने महाराष्ट्रातील वाचकांना हे स्थळ परके वाटू नये.

रायपूरच्या मध्यवस्तीपासून सुमारे आठ किलोमीटरवर महादेव घाट आहे. तेथील हटकेश्वर महादेवाचे मंदिर कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळात, १४०२ च्या सुमारास उभारले गेले, असे मानले जाते. कार्तिक पौर्णिमेला येथे ‘पुन्नी मेळा’ भरतो. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकर यांच्या स्वारीनंतर छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. रायपूर हे मुख्य ठाणे झाले ते १८१८ नंतर, इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, शहराची भिस्त बूढा तालाबासारख्या तळ्यांवर होती. नदी होती ती स्नानासाठी आणि अस्थिविसर्जनासाठी.

१८९२ मध्ये हे चित्र बदलले. राजनांदगावचे राजा बलरामदास यांच्या देणगीतून उभी राहिलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली पाणीयोजना सुरू झाली आणि खारूनचे पाणी शहरात आले. त्या काळच्या लहान शहराला ते पुरत होते. पुढे शहर वाढले, नदी मात्र तेवढीच राहिली.

यावर काढलेला तोडगा भूगोलाच्या दृष्टीने विलक्षण म्हणावा लागेल. धमतरीजवळ महानदीवर १९७९ मध्ये पूर्ण झालेल्या गंगरेल धरणाचे, म्हणजेच रविशंकर सागराचे पाणी उन्हाळ्यात कालव्यावाटे खारूनमध्ये सोडले जाते आणि भाटागावच्या बंधाऱ्याजवळ ते शहरासाठी उचलले जाते. अर्थात, वैशाखात रायपूरजवळच्या पात्रात दिसणारे पाणी बहुतांशी खारूनचे नसून महानदीचे असते. शहराने वापरून उरलेले पाणी खारून आणि शिवनाथमार्गे पुन्हा महानदीतच पोहोचते. मात्र जाताना ते जसे होते, तसे ते परतत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत छत्तीसगडमधील पाच नद्यांची नावे होती; खारून, शिवनाथ आणि महानदी या तिन्ही त्यांत होत्या. शहरातील नाल्यांचे सांडपाणी हे खारूनच्या दूषित होण्याचे एक मोठे कारण आहे. त्यासाठी चंदनडीह, निमोरा आणि कारा येथे शुद्धीकरण प्रकल्प उभारण्यात आले. त्यांचा खरा कस लागतो तो उन्हाळ्यातच, कारण तेव्हा सांडपाणी पातळ करण्यापुरताही नदीचा स्वतःचा प्रवाह उरलेला नसतो. शहराच्या खालच्या अंगाला सोमनाथच्या संगमापर्यंत वसलेल्या गावांच्या वाट्याला तेच पाणी येते.