ढोबळी मिरचीला फुलं येतात, मग मिरच्या का धरत नाहीत?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. आजचा विषय ढोबळी मिरची. कुणी भोपळी म्हणतं, कुणी सिमला मिरची, पण झाड एकच.

उन्हाळा लागला की एकच प्रश्न येतो: "झाड हिरवंगार आहे, फुलंही येतात, पण दोन-चार दिवसांत गळतात. काय खत घालू?" उत्तर आधीच सांगतो. खत नका घालू, कॅलेंडर बघा.

ढोबळी ही तिखट मिरचीचीच बहीण, पण भलतीच नाजूक. तिला दिवसा साधारण २० ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसा पारा ३२-३३ च्या वर गेला किंवा रात्र २४ अंशांपेक्षा गरम राहिली, की फुलातले परागकण नीट काम करत नाहीत. फळ धरत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. झाड आजारी नसतं, ते फक्त थांबलेलं असतं. अशा वेळी वरून युरिया किंवा भरपूर शेणखत दिलं तर पानं आणखी माजतात, फुलं कमीच होतात.

म्हणून उलटा हिशोब करायचा. आपल्याला फुलं थंडीत हवीत. पुण्या-नाशिककडे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. रोप लावल्यापासून फुलं यायला साधारण महिना लागतो, आणि बी पेरल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणजे बी पेरायचं ऑगस्टच्या मध्यावर. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते, तिथे सप्टेंबरच्या मध्यावर पेरा. नाशिककडे रात्री पारा १० च्या खाली गेला तर वाढ मंदावते. अशा रात्री कुंडी भिंतीलगत सरकवा.

बी कुठलं घ्यायचं? बाजारातल्या हिरव्या ढोबळीतलं नको. ती मिरची कच्ची असते, त्यामुळे बी बहुतेक वेळा तयार झालेलं नसतं. शिवाय ती संकरित असली तर पुढची पिढी तशीच येईल याची खात्री नाही. पाकिटातलं बी घ्या. कॅलिफोर्निया वंडर ही जुनी जात आहे, बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेची अर्का मोहिनीही आहे.

कुंडी किमान १२ इंची हवी, तळाला भोकं हवीत. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. ऊन पाच-सहा तास. एका कुंडीत एकच रोप, सोबत एक काठी, कारण फळांच्या वजनाने फांद्या मोडतात. खोड जिथे दोन फांद्यांत फुटतं, तिथलं पहिलं फूल खुडून टाका. जिवावर येतं, पण त्याने झाड आधी अंगाने भरतं. फुलं उमलली की सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एवढ्याने परागीभवनाला मदत होते.

पाणी रोज घड्याळ बघून नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो बहुतेकदा पाण्याच्या लहरीपणाचा परिणाम असतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचतं. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं केलं तर मातीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहतं. अंड्याची टरफलं फार सावकाश कुजतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

पानं होडीसारखी वळली तर पानांची खालची बाजू बघा. फुलकिडे किंवा कोळी असतात. संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा, आठवड्याने पुन्हा.

आता दोन गैरसमज. एक, शेजारी तिखट मिरची लावली तर ढोबळी तिखट होते. नाही होत. संकर झालाच तर तो बियांत उतरतो, यंदाच्या फळात नाही. दोन, लाल-पिवळी ढोबळी म्हणजे वेगळंच झाड. तसं नाही. हिरवी म्हणजे कच्ची. तीच झाडावर आणखी दोन-तीन आठवडे ठेवली की जातीप्रमाणे लाल, पिवळी किंवा केशरी होते. मंडईत रंगीत ढोबळी महाग मिळते, त्यात या जादा दिवसांचाही वाटा असतो. मात्र पिकवायला ठेवलेली फळं झाडावर जितकी जास्त, तितकी नवी फुलं कमी. एक-दोन पिकू द्या, बाकीची हिरवी काढा. कात्रीने कापा, ओढू नका.

आणि आत्ता ज्यांची फुलं गळतायत, त्यांनी झाड उपटू नका. ढोबळी एका हंगामाची नसते. हलकी छाटणी करा, दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या, पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका. झाड तगलं तर थंडीत त्यालाच मिरच्या धरतील.

मोबाइलमध्ये १५ ऑगस्टचा रिमाइंडर लावून टाका: झेंडावंदन झालं की बी पेरायचं. भेटू पुढच्या भागात!