लिहिणाऱ्या बाईची वही

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसले की पुड्या बांधायच्या रद्दीतला मजकूर वाचत आणि वहीत लिहीत. ती वही त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवली. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली!

बेबीताई बाबासाहेबांच्या चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या. मग त्यांना वही लपवावी का लागली? सनातन्यांच्या भयाने नव्हे, घरच्या भयाने. समाजात सासुरवाशिणींचा झालेला छळ त्यांनी पुस्तकात परखडपणे मांडला. पण स्वतःच्या संसारातली मारहाण त्यात नाही. ती त्या बोलल्या २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबतच्या, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. आम्ही पुरुष कार्यकर्त्यांनी हे वाचून मान खाली घालायला हवी.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध छापून आलेल्या मुक्ता साळवेच्या पाठीशी फुले दांपत्याची शाळा होती. आज लिहिणाऱ्या आमच्या लेकीसुनांच्या पाठीशी कोण आहे?

आम्ही वकील आहोत म्हणून कायद्याचेही सांगतो. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचे एक प्रमुख कारण हिंदू कोड बिल होते. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाची पहिली मालकी सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याचीच असते, तिच्या नवऱ्याची नव्हे. म्हणजे वही तिची, हक्क तिचा. पण लिहायला लागणारा निवांत वेळ कोणतेही कलम देत नाही. तो घरानेच द्यायचा असतो.

रात्री समतेवर भाषण ठोकून आम्ही घरी येतो आणि वाढलेल्या ताटावर बसतो. बाईने घरातल्या जुलमाबद्दल लिहिले की “समाजाची बदनामी होते” म्हणून तिलाच गप्प करतो. बदनामी जुलमाने होते की लिहिण्याने?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. विहाराची एक खोली संध्याकाळी दोन तास लिहिणाऱ्या महिलांसाठी मोकळी ठेवा. पुस्तकाचा करार तिच्या नावे आणि मानधन तिच्या खात्यात जाऊ द्या. छापण्याआधी मजकूर नवऱ्याला दाखवण्याची अट नको. आणि आपले ताट आपणच वाढून घ्या.

यापुढे एकाही बेबीताईला वही लपवावी लागली, तर तो दोष आमचा असेल.

जयभीम!