मेडिकलात नवीन पोरगा दिसला तर रागावू नका. तो आधी वाचायला शिकतोय

बारावी सायन्सनंतर डी. फार्मसी करणाऱ्या मुलांना दोन वर्षांच्या अभ्यासावर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. तीन महिने तरी लागतात. त्यानंतरच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. त्यामुळे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडच्या मेडिकलात कधी कधी नवीन चेहरा दिसतो. पहिल्या दिवशी त्याच्याकडून गोळ्या घाईने मागू नका. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या नजरेखाली द्यायचं, असा कायदा आहे.

पहिल्या दिवशी काय शिकवतात?

पहिलं काम वाचनाचं. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय, औषध, डोस आणि किती दिवस घ्यायचं ते बघायचं. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला फोन लावायचा. कारण नावं सारखी असतात. मेटफॉर्मिन साखरेची गोळी, मेट्रोनिडॅझोल जंतूंमुळे लागलेल्या जुलाबावरची. साखर नसलेल्याला चुकून साखरेची गेली तर काय होईल, विचार करा.

दुसरं, रॅक लावणं. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, नवीन माल मागे. पाकिटावर ०६/२०२७ असेल तर ३० जून २०२७ पर्यंत चालतं.

तिसरं, फ्रिज. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावांत बरेच दिवस लाईट नव्हती. म्हणून लाईट गेली की फ्रिजचं काय करायचं, हे इकडच्या मुलाला आधी कळायला हवं.

चौथं, लाल रेघ. पाकिटाच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. त्यातली काही भारी अँटिबायोटिक, टीबीची आणि सवय लागणारी औषधं एच-१ यादीत आहेत. ही यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. दिलेल्या औषधाची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ते तीन वर्षं जपायचं असतं.

आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे 'नाही' म्हणणं. लावणीच्या दिवसांत माणूस येतो, "ताप आहे, अंग दुखतंय, दोन गोळ्या द्या." पण हा ताप लेप्टोचा असू शकतो. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या शेतातल्या पाण्यातून तो होतो, आणि लवकर उपचार झाले तर बरा होतो. डेंग्यू असेल तर काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी "आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या" असं सांगणारा पोरगा गिऱ्हाईक घालवत नाही, माणूस वाचवतो.

आपण काय करायचं?

चिठ्ठी सोबत न्या. सुट्या गोळ्या घेतल्या तर मुदतीचं टोक बहुतेक दुकानातच राहतं, म्हणून बिल मागा आणि त्यावर बॅच नंबर व मुदत बघा. गोळी कधी, कशासोबत घ्यायची ते विचारा. आधीची चालू औषधं सांगा. अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं म्हणून मनाने मध्येच सोडू नका.

आणि तो पोरगा पाकीट उलटसुलट करून वाचत असेल तर दोन मिनिटं थांबा. त्याचं ते वाचणं आपल्याच फायद्याचं आहे.