काशाची वाटी का फुटते?

हातातून निसटलेली काशाची वाटी फरशीवर आपटली की कधीकधी तिचे काचेसारखे तुकडे होतात. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘भेसळ असणार, अस्सल कासं फुटत नाही.’ हा कासारावर अन्याय आहे. पितळेला पोचा येतो, काशाला तडा जातो. हा त्या धातूचा स्वभाव आहे.

परंपरेने कासं म्हणजे 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. पण कथील तांब्यात साखरेसारखं कितीही विरघळत नाही. घन तांब्यात ते जास्तीत जास्त 16 टक्क्यांच्या आसपास मावतं. उरलेलं कथील तांब्याशी ठरावीक प्रमाणात जुळून एक वेगळं संयुग बनवतं. धातुशास्त्रात त्याला डेल्टा म्हणतात: तांब्याचे 41 अणू, कथिलाचे 11. त्याच्या स्फटिकाच्या एका घनात तब्बल 416 अणू असतात. इतक्या गुंतागुंतीच्या रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, म्हणून आघात झाला की ते वाकत नाही, चिरतं. ओतीव काशाचा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरा: तांबूस-पिवळी बेटं आणि त्यांच्या भोवती निळसर करडा डेल्टा.

दुसरा गैरसमज लोहारकामातून आला आहे: तापलेला धातू पाण्यात बुडवला की कडकच होतो. पोलादाचं तसं होतं, काशाचं उलट. डेल्टा तयार होतो तो कासं सुमारे 520 अंशांखाली सावकाश निवताना. लाल तापलेलं असताना मात्र आत बीटा नावाची मवाळ अवस्था असते, म्हणून घण तेव्हाच मारायचा. मग झटकन पाण्यात बुडवलं की डेल्टाला जन्मायला वेळच मिळत नाही आणि भांडं कमी ठिसूळ राहतं. कारागिरांनी हे सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी हाताने ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोणत्या तापमानाला कोणती अवस्था टिकते हे दाखवणाऱ्या समतोलाच्या आलेखानुसार तर डेल्टासुद्धा टिकायला नको. सुमारे 350 अंशांखाली त्याचं विघटन व्हायला हवं. पण त्या तापमानाला अणू इतके मंद हलतात की ते प्रत्यक्षात घडत नाही.

आणि काशाच्या घंटेत सोनं-चांदी घातल्याने नाद गोड होतो, हेही खरं नाही. तो घडतो घंटेच्या आकारातून, जाडीतून आणि कथिलाच्या प्रमाणातून. 1739च्या वसई विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक मेणवलीला आहे. अशा ओतीव घंटेत दीर्घ घुमणारा नाद देणारा कडकपणा डेल्टाचाच, आणि तडा जाण्याची भीतीही त्याचीच.