इजिप्तला तीन आठवडे? जळगाव-धुळेकरांनो, मे महिना टाळा!

उन्हाळी सुटीत इजिप्तची टूर स्वस्त दिसली, तरी लगेच बुकिंग करू नका. मे महिन्यात लक्झर, आस्वानचा पारा ४० अंशांच्या आसपास किंवा वर असतो. म्हणजे भुसावळच्या उन्हातून निघून पुन्हा तशाच उन्हात! कर्नाकसारखी मंदिरे तर उघड्यावर आहेत.

कधी जावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रमजानमध्ये वेळा बदलतात; तारखा आधी पाहा.

आठवडा १ : कैरो. गिझाचे पिरॅमिड, इब्न तुलुन मशीद आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर खुले झालेले ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तिथे तुतनखामेनच्या ५ हजारांहून अधिक वस्तू आहेत.

आठवडा २ : लक्झर. कैरोहून रेल्वेने जाता येते. कर्नाक आणि राजांची दरी पाहा.

आठवडा ३ : आस्वान, अबू सिंबेल. धरणात बुडू नये म्हणून १९६० च्या दशकात अबू सिंबेलची मंदिरे कापून उंचावर हलवली.

शाकाहारी आहात? कोशारी मागा : भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे.

क्रम लक्षात ठेवा : आधी पासपोर्टची मुदत (किमान सहा महिने शिल्लक), मग व्हिसा, शेवटी रद्द न होणारी तिकिटे. उलटे केले तर पैसे अडकतात.