हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली,’ हे तीन शब्द कानीं पडले म्हणजे रुग्णालयांत तासन् तास ताटकळत बसलेल्या आप्तेष्टांना गंगेंत घोडें न्हालें असें वाटतें. परंतु थोड्याच वेळानें अतिदक्षता विभागांत क्षणभर डोकावण्याची परवानगी मिळते, आणि समोरचें दृश्य पाहून तींच माणसें हबकून जातात. तोंडांत नळी, मानेंत नळी, मनगटांत नळी, छातींतून निघालेल्या नळ्यांत लाल पाणी. रुग्ण बोलत नाहीं, डोळे उघडीत नाहीं. यश म्हणतात तें हेंच काय, अशी शंका मनांत येते. वस्तुतः पहिला आनंद थोडा लवकरचा असतो आणि ही दुसरी भीति बहुतेक वेळां अनाठायीं असते. शस्त्रवैद्याचें काम मोठें खरें, पण तें मधलें काम आहे. त्याच्या अलीकडे पूर्वतयारी आणि पलीकडे शुश्रूषा अशीं दोन कामें असतात. तीं नीट झालीं नाहींत तर मधलें कामही वायां जातें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं फेब्रुवारी १९६८ मध्यें भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. हृदय बसविण्याचें कौशल्य सिद्ध झालें, पण रुग्ण कांहीं तासच जगला. नंतरचे तास किती नाजूक असतात, हें त्यावरून कळावें.

पूर्वतयारींत घरच्या माणसांचा वाटा मोठा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकांत कफ साठतो आणि तो वर लोटण्याची त्यांची स्वाभाविक शक्ति मंद झालेली असते. व्यसन निदान चार आठवडे आधीं सुटलें तर फुप्फुसें पुष्कळ सुधारतात. मद्याची सवय असल्यास तीही सांगावी. रोजचें मद्य एकाएकीं तुटलें म्हणजे दोन-चार दिवसांत कंप व भ्रम सुरू होण्याचा संभव असतो, आणि कारण ठाऊक नसेल तर डॉक्टर भलत्याच ठिकाणीं शोध करीत बसतात. घरांतील वडील माणसाची अब्रू राखण्यासाठीं अशी गोष्ट लपविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय. औषधांचेंही तसेंच. रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्यांपैकीं क्लोपिडोग्रेल सामान्यतः पांच दिवस आधीं थांबवितात, ॲस्पिरिन मात्र बहुधा चालू ठेवतात. कोणती थांबवावी हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. घरच्यांनीं आयुर्वेदिक काढ्यापर्यंत सर्व औषधांची यादी प्रामाणिकपणें पुढें ठेवावी. झडपेची शस्त्रक्रिया असेल तर दांतही तपासून घेतात, कारण किडक्या दांतांतील जंतु रक्तावाटे नव्या झडपेवर जाऊन वस्ती करतात.

शस्त्रक्रियेच्या वेळीं काय घडतें हें समजलें म्हणजे पुढच्या रात्रीचें कोडें उलगडतें. कांहीं बायपास शस्त्रक्रिया चालत्या हृदयावरच करतात. पण झडप बदलणें किंवा आंतील छिद्र बुजविणें या कामांसाठीं हृदय थांबवावें लागतें. तितका वेळ शरीराला रक्त पुरविण्याचें काम हृदय-फुप्फुस यंत्र करतें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें डॉ. जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयांतील छिद्र या यंत्राच्या साहाय्यानें बुजविलें. त्या वेळीं यंत्रानें २६ मिनिटें तिच्या हृदयाचा व फुप्फुसांचा सर्व भार वाहिला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कोपनहेगन येथें डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनीं आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया घातला. आदल्या वर्षीं तेथें पोलिओची मोठी सांथ आली होती, आणि श्वास बंद पडलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हातानें रबरी पिशवी दाबून जगविलें होतें. एक यंत्र आणि एक विभाग, या जोडीवरच आजची हृदयशस्त्रक्रिया उभी आहे.

यंत्राचे उपकार मोठे, तसा त्याचा मोबदलाही मोठा. नळ्यांत रक्त गोठूं नये म्हणून आधीं हेपॅरिन देतात आणि शेवटीं प्रोटॅमिन देऊन त्याचा परिणाम घालवितात. पोटॅशियमयुक्त थंड द्राव देऊन हृदय निश्चल करतात. प्लास्टिकच्या नळ्यांचा स्पर्श रक्ताला मानवत नाहीं. सर्व शरीरांत एक प्रकारचा दाह उसळतो, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतें, चेहरा व हातपाय सुजतात, आणि रक्त गोठविणारे घटक खर्ची पडतात. थकलेल्या हृदयाची शक्ति पहिल्या चार-सहा तासांत आणखी थोडी उतरते व बहुधा दिवसभरांत पुन्हां वर येते. पहिली रात्र महत्त्वाची कां, याचें उत्तर येथें आहे. बिघडलेलें यंत्र दुरुस्त झालेलें असतें, पण तें अद्याप पूर्ण जोमानें चालत नसतें.

आतां त्या नळ्यांकडे पाहूं. मनगटांतील रोहिणींत घातलेली बारीक नळी प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर दाखविते. मानेंतील नीलेंत घातलेली नळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब सांगते व तिच्यांतूनच जालीम औषधें देतां येतात. मूत्राशयांतील नळीवरून मूत्रपिंडांची खबर लागते. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर मूत्र झालें पाहिजे. छातीवर बाहेर आलेल्या दोन-चार बारीक तारांचीं टोकें हृदयाच्या पृष्ठभागाशीं असतात. ठोके मंदावले तर बाहेरच्या पेटींतून त्यांना विजेची चालना देतां येते. तोंडांतील नळी व्हेंटिलेटरला जोडलेली असते. ती स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणूनच शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही बोलतां येत नाहीं. सर्व ठीक असल्यास ही नळी पुष्कळदां सहाएक तासांत काढतात.

छातींतील नळ्यांचें काम जमलेलें रक्त बाहेर काढण्याचें. थोडें रक्त येणें स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या तासांत ४०० मिलिलिटरवर आलें, किंवा तासामागून तास २०० मिलिलिटर येत राहिलें, तर छाती पुन्हां उघडून रक्तस्राव शोधण्याचा विचार करावा लागतो. येथें एक फसवी गोष्ट आहे. वाहतें रक्त एकाएकीं थांबलें म्हणजे सामान्य माणसाला हायसें वाटेल. अनुभवी परिचारिका मात्र सावध होते. नळी गुठळीनें बुजली असेल तर रक्त हृदयाभोंवतीं सांचतें आणि त्याला चहूंबाजूंनीं दाबून धरतें. रक्तदाब खालीं, मानेच्या नळींतील दाब वर आणि छातीची नळी कोरडी, हीं तीन चिन्हें एकत्र दिसलीं कीं शस्त्रवैद्याला तांतडीनें बोलावतात. याच कारणासाठीं छाती उघडण्याचें साहित्य या विभागांत सदैव हाताशीं ठेवलेलें असतें. हृदय बंद पडलें आणि विजेच्या धक्क्यानें किंवा त्या तारांनीं तें सुरू झालें नाहीं, तर पांच मिनिटांच्या आंत छाती पुन्हां उघडावी, असा आजचा दंडक आहे.

याखेरीज रात्रभर रक्ताच्या तपासण्या चालू असतात. पोटॅशियम कमी झालें तर ठोके बेताल होतात; साखर वाढली तर जखम चिघळते, म्हणून ती १८० मिलिग्रॅमच्या आंत राखण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणें ही फार आढळणारी तक्रार आहे. बायपासनंतर चार-पांच रुग्णांत एकाला तरी ती होते. औषधांनीं ती बहुधा आटोक्यांत येते.

आप्तांना सर्वांत घाबरविणारी गोष्ट मात्र वेगळीच. शांत स्वभावाचा वृद्ध मनुष्य दुसऱ्या रात्रीं असंबद्ध बोलूं लागतो, नळ्या ओढतो, मुलांना ओळखत नाहीं. वेड लागलें अशी समजूत करून घेऊं नये. भूल, दाह, झोपमोड आणि अनोळखी जागा यांमुळें होणारा हा भ्रम बहुतेकांचा कांहीं दिवसांत ओसरतो. त्यावर घरच्यांचा उपाय डॉक्टरांच्या उपायाइतकाच गुणकारी आहे. चष्मा व श्रवणयंत्र आणून द्यावें, वार आणि वेळ सांगावी, ओळखीच्या आवाजांत दोन शब्द बोलावे, वाद घालूं नये. घोळका करून आंत शिरणें व फुलें, प्रसाद, अंगारा आंत नेणें मात्र टाळावें. प्रेमाबरोबर जंतुही आंत जातात.

नळी निघाल्यावर रुग्णाचें स्वतःचें काम सुरू होतें. छातीला उशी घट्ट धरून खोकणें, दीर्घ श्वास घेणें आणि लवकर उठून बसणें दुखतें, पण न केल्यास फुप्फुसांचा खालचा भाग मिटून राहतो. येथें ‘असूं द्या, दुखतें त्यांना’ असें म्हणणारा प्रेमळ नातेवाईक नकळत अपकार करतो. छातीचें हाड पोलादी तारांनीं बांधलेलें असतें. तें सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून तितके दिवस पाण्याची भरलेली बादली उचलूं नये किंवा नातवंडाला कडेवर घेऊं नये. घरीं आल्यावर ताप, जखमेंतून पाणी, हाडाचा कटकट आवाज, वाढती धाप, किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकीं वाढलेलें वजन, यांपैकीं कांहींही दिसलें तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.